दोन फटक्यांमधली जागा

मामाने आयुष्यात कुणाला साधी चापट मारली नव्हती, आणि तरी त्याच्या हातून रोज चाळीसेक माणसं मार खायची. गेम बनवणाऱ्या एका कंपनीत तो आवाज करायच्या कामावर होता. पडद्यावर एखादा आडदांड गडी दुसऱ्याच्या पोटात गुद्दा घालतो तेव्हा जो 'धप्प' ऐकू येतो, तो मामाचा. बरगडी मोडते तीही मामाचीच, म्हणजे बरगडी गाजराची असते आणि मोडतो मामा. डोकं भिंतीवर आपटायचं असेल तर कोबी, नाक फोडायचं असेल तर ओल्या टॉवेलात गुंडाळलेली काकडी, आणि नुसता दणका हवा असेल तर वाळू भरलेली जुनी चामड्याची बॅग. कोपऱ्यावरची भाजीवाली त्याला एकदा म्हणाली होती, "रोज एवढा कोबी? घरी माणसं किती?" "एकटाच आहे," मामा म्हणाला. तिने त्याच्याकडे असं काही पाहिलं की पुढे महिनाभर तो कोबी दुसऱ्या दुकानातून आणत होता.

खरं तर तो मामा एकाच मुलाचा, थोरल्या बहिणीच्या मुलाचा. पण भाच्याने एकदा ऑफिसच्या दारातून "मामाऽ" अशी हाक मारली आणि तेव्हापासून शिपायापासून मालकापर्यंत सगळ्यांचा तो मामा झाला. वय पंचेचाळीस, डोक्यावर केस बेताचे, लग्न केलेलं नाही. का केलं नाहीस असं कुणी विचारलं तर तो म्हणायचा, "दिवसभर आवाज ऐकतो, घरी तरी शांतता नको का?" लोक हसायचे. विनोद बरा होता, पण खरा नव्हता. खरं कारण त्याने फक्त ताईला सांगितलं होतं, तेही एकदाच. आपल्या मनगटाला बाबांचा हात जोडलेला असला तर काय करायचं, याची त्याला भीती वाटायची. घरात मूल नसलं की तो प्रश्न निघणारच नाही, असं त्याने ठरवून टाकलं होतं.

कामाची खोली मात्र त्याला आवडायची. भिंतींना स्पंज, एका बाजूला जाड काच, बाहेरची खिडकी नाही, आणि दार लावलं की स्वतःच्या पोटातली गुरगुरही ऐकू यायची. मधे माइक, समोर पडदा, बाजूला भाज्यांचं टेबल. खऱ्या चापटीचा आवाज अगदी फुसका असतो, हे मामाला नोकरी लागण्याच्या फार आधीपासून माहीत होतं. गेममध्ये तो चालत नाही. तिथे मार कानाला चवदार लागावा लागतो. "मामा, जरा रसरशीत कर," साउंड डायरेक्टर काचेपलीकडून म्हणायचा, आणि मामा गाजरं बदलायचा. याबद्दल त्याला कधी अपराधी वाटायचं का? वाटायचं अधूनमधून, बहुतेक सुट्टीच्या दिवशी. कामाच्या दिवशी सवड नसायची.

सुरुवातीच्या काळात त्याला एक खोड होती. दोन फटके मारले की तो थांबायचा. दोन सेकंद, कधी अडीच. मग तिसरा फटका. पडद्यावरचा गडी सटासट हात चालवत असायचा आणि इकडे मामाचा हात हवेत तसाच. तेव्हाचा डायरेक्टर डोक्याला हात लावायचा. "अहो, मारामारीत असं कोण थांबतं? खेळणारा झोपेल!" गंमत म्हणजे आपण थांबतो हे मामाला कळायचंच नाही. रेकॉर्डिंग ऐकवलं की तो ओशाळायचा आणि पुढच्या वेळी पुन्हा थांबायचा. ती खोड मोडायला तीन महिने लागले. दोन फटक्यांमध्ये अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त जागा सोडायची नाही, हा तिथला नियमच होता, आणि पंधरा वर्षांत तो मामाच्या अंगवळणी पडला.

शुक्रवारी दुपारी ताईचा फोन आला तेव्हा तो कुणाचातरी गुडघा मोडत होता.

"छोट्या, याने शाळेत एका मुलाला मारलंय," ताई म्हणाली. ती घाबरली की हळू बोलायची. "दात पडला त्याचा. ओठाला चार टाके घातलेत. आणि कुणीतरी सगळं मोबाइलवर काढलंय."

"कुणी मारलं?" मामाने विचारलं. त्याला ऐकू आलं होतं, पटलं नव्हतं.

चौदा वर्षांचा त्याचा भाचा काही मारामारी करणाऱ्यांतला नव्हता. दोन महिन्यांपूर्वी सुट्टीत मामाने त्याला एक दिवस ऑफिसात आणलं होतं. नुकताच तयार झालेला गेम त्याच्यापुढे लावून दिला. मोठ्यांसाठीचा गेम, तीनशे माणसं मारल्याशिवाय पुढे सरकत नाही. पोराला त्यात एक तळं सापडलं. तळ्याकाठी गळ होता. कुणीतरी हौसेने तो तिथे ठेवला होता आणि विसरून गेला होता. पोराने पाठीवरची बंदूक तशीच ठेवून दोन तास मासे धरले. ऑफिसातले सगळे येऊन बघून गेले. अशा तऱ्हेने तो गेम खेळणारा आजवर तो एकटाच.

पण शुक्रवारी संध्याकाळपर्यंत शाळेतल्या झाडून सगळ्या पालकांना कारण समजलं होतं. मुलाचा मामा मारधाडीचे गेम बनवतो, मुलगा ते खेळतो, आणखी काय व्हायचं? पालकांच्या ग्रुपवर कुणी लेख पाठवला, कुणी डोळे मिटून हात जोडलेलं चित्र पाठवलं, एकाने आपल्या मुलाचा गेम तिसऱ्या मजल्यावरून खाली फेकल्याचं कळवलं आणि त्याला पन्नास जणांनी शाबासकी दिली. कारण सापडलं की माणसांना हायसं वाटतं. आणि हे कारण तर फार सोयीचं होतं, कारण ते सगळ्यांच्या घरात होतं आणि कुणाच्याच घरचं नव्हतं.

शनिवारी मामा ताईकडे गेला. भावोजी जहाजावर इंजिनाच्या कामाला, वर्षातले आठ महिने समुद्रावर. आताही त्यांना जाऊन सात महिने झाले होते. घर, पोर, शाळा, सगळं ताई एकटी बघायची, आणि वर नोकरी. ती एका तपासणी केंद्रात रक्त काढायचं काम करायची. तिचा हात इतका हलका की तान्ह्या मुलांची शीर सापडली नाही की दुसऱ्या मजल्यावरून तिलाच बोलावणं यायचं.

टेबलावर एक टाइप केलेला कागद होता.

"सोमवारी अकराला शाळेत सुनावणी आहे," ताई म्हणाली. "नाव काढून टाकायचं म्हणतायत. दहावी तोंडावर आलीय, आता कोण घेणार त्याला? पण मुख्याध्यापिका बाईंनीच सुचवलं, गेमचा परिणाम आहे असं घरातल्या मोठ्याने लिहून दिलं तर वेगळा विचार करता येईल. सहा आठवडे समुपदेशन, घरात गेम बंद, की झालं."

मामाने कागद वाचला. 'माझ्या निष्काळजीपणामुळे माझ्या भाच्याने माझ्या कार्यालयात वयाला अयोग्य असा हिंसक गेम वारंवार खेळला आणि त्यातील प्रकारांचे त्याने अनुकरण केले.' खाली सहीसाठी जागा होती.

"वारंवार नाही, एकदाच. आणि त्याने मासे धरले, ताई."

"ते तुला माहीत. त्यांना कुठे माहीत आहे?" ती जवळ येऊन बसली. "यात कुणाचं काय बिघडतंय सांग. तुझ्या कंपनीला कोण विचारतंय? रोजच कुणी ना कुणी त्यांना शिव्या घालतं. पोर वाचतंय."

तिचं म्हणणं मामाला पटत होतं. कंपनीने कळल्यावर कान उपटले असते, पण पंधरा वर्षांच्या माणसाला एवढ्यावरून कुणी काढलं नसतं. त्याने फक्त एवढंच म्हटलं, "तो व्हिडिओ मला पाठव. सही करायची तर निदान बघून करतो." ताईने तो स्वतः पुरता पाहिला नव्हता. पहिल्याच चापटीला तिने फोन पालथा घातला होता.

आतल्या खोलीत भाचा पुस्तक उघडून बसला होता. मामा दारात उभा राहिला तर त्याने मान वर केली आणि म्हणाला, "मला माहितीय मी चुकलो." पाठ केलेल्या उत्तरासारखं. मामाने त्याच्या डोक्यावर हात ठेवायला हात उचलला, आणि पोराने डोळे मिटून घेतले. मामाने ते पाहिलं, पण त्याचा अर्थ त्याला दुसऱ्या दिवशी लागला.

रविवारी दुपारी ऑफिसात चिटपाखरू नव्हतं. मामाने आपली खोली उघडली, व्हिडिओ कॉम्प्युटरवर घेतला आणि कानाला हेडफोन लावून डोळे मिटले. बघण्यापेक्षा ऐकणं त्याला सोपं जायचं. एकतीस सेकंदांचं प्रकरण. शाळेचा लांब व्हरांडा, बूट घासल्याचे आवाज, कुणीतरी खिदळलं. मग दोन चापटा. बारीक, फुसक्या, खऱ्या. मग काहीच नाही. खिदळणारेही गप्प झाले. लांब कुठेतरी नळ टपकत होता, तो ऐकू आला. मग भाच्याचा आवाज, चढलेला नाही, चिडलेला नाही, जवळजवळ समजुतीचा.

"हं. बोल."

मग तिसरा, आणि हा मुठीचा. मग पुन्हा तसंच शांत, आणि कुणीतरी किंचाळलं, आणि संपलं.

मामाने ते चार वेळा ऐकलं. हेडफोन काढल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण खुर्चीवरून उठलो आहोत आणि भिंतीला पाठ टेकून उभे आहोत. हात दोन्ही कानांवर.

बाबा कधी ओरडत नसत. शेजारपाजारी त्यांना शांत स्वभावाचे म्हणत. ते दोन चापटा मारत, मग थांबत. "हं. बोल." म्हणून वाट बघत. त्या वेळात भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू यायची, आणि पुढचा येणार की नाही, कधी येणार, चापट येणार की मूठ, याचा विचार करत सात वर्षांचा मामा भिंतीला चिकटून उभा असायचा. मार काय, लागतो आणि थांबतो. ती मधली जागा मात्र थांबायची नाही. ती तो झोपेतही ऐकायचा.

त्याने जुनं कपाट उघडलं. नोकरीच्या पहिल्या महिन्यातली, खोड मोडण्याआधीची रेकॉर्डिंग त्याने का कोण जाणे जपून ठेवली होती. एक काढून त्याने पडद्यावर लावलं आणि त्याच्या खाली व्हिडिओतला आवाज. आवाजाच्या दोन उंच रेघा, मग सपाट, मग एक उंच रेघ. खाली दोन रेघा, सपाट, मग एक. तंतोतंत एकसारखं नव्हतं. पण दोन्ही एका घरातली होती हे कुणीही सांगितलं असतं.

भाच्याने हे गेममधून उचललं असणं शक्यच नव्हतं. या कंपनीच्या कुठल्याही गेममध्ये कुणी थांबत नाही, थांबायची परवानगीच नाही. बाबा तर पोर जन्मायच्या आधीच गेले होते. भावोजी पोराच्या अंगावर साधा आवाज चढवत नसत, आणि सात महिने ते घरातच नव्हते. आता उरलं कोण? मामाला ते नाव मनातल्या मनातही घ्यावंसं वाटेना. तो तसाच उठला आणि ताईकडे गेला.

ताई भाच्याच्या गणवेशाला इस्त्री करत होती. भाच्याला तिने खाली वह्या आणायला पाठवलं होतं.

"ताई, तू मारतेस त्याला?"

इस्त्री चालूच राहिली. "कुठली आई मारत नाही?"

"दोन मारून थांबतेस?"

आता इस्त्री थांबली. ताईने ती उभी करून ठेवली, बटण बंद केलं, आणि शर्टाची कॉलर उगाचच सारखी केली.

"कॅल्क्युलेटर हरवला त्याने," ती म्हणाली. "वर्षातला तिसरा. मी म्हटलं, सापडल्याशिवाय घरी यायचं नाही. त्याला वाटलं त्या मुलाने घेतला. त्याला विचारायला गेला."

"विचारायला."

"हो, विचारायला! आणि नंतर सापडला तो प्रयोगशाळेत. टेबलाखाली." तिचा आवाज चिरकला. "मला काय हौस आहे का रे? बारा तास उभी असते मी. घरी आले की याचं काहीतरी हरवलेलं असतं, काहीतरी सांडलेलं असतं. एकदा हात उठतो आणि मग... मला कळतं रे. मला कळत नाही असं समजू नकोस."

ताई पुढे बोलली, आणि ती काय बोलणार हे त्याला येतानाच माहीत होतं.

"बाबांच्या कागदांवर शाई कुणी सांडली होती?"

"मी."

"मार कुणी खाल्ला?"

"तू."

"काचेचा दिवा कुणी फोडला होता? सायकल कुणी हरवली?"

"मी, ताई."

"असे किती मार खाल्ले मी?"

"मोजले नाहीत."

"मी मोजलेत," ताई म्हणाली. "एक सही मागतेय तुझ्याकडे."

मामाने सही केली. पेन तिनेच दिलं. त्याला तिची दया आली, स्वतःचा राग आला, आणि वर येणारं पोर जिन्यात शीळ घालतंय हे ऐकून रडू यायला लागलं. ते आवरून तो वाटेत पोराला न थांबवता खाली उतरला.

सोमवारी अकराला मुख्याध्यापिका बाईंच्या खोलीत सहा खुर्च्या मांडल्या होत्या. बाई स्वतः, पालकांचे प्रतिनिधी म्हणून आलेले एक चष्म्याचे दुकानदार, ताई, मामा, भाचा, आणि समोर, मार खाल्लेल्या मुलाची आई. ती कपडे शिवायचं काम करायची. ब्लाउजच्या खांद्यावर टोचलेल्या दोन टाचण्या काढायला ती विसरली होती. मुलगा घरी होता, त्याला अजून बोलता येत नव्हतं.

सगळं ठरल्यासारखं चाललं. बाईंनी कागद वाचून दाखवला. चष्मेवाल्यांनी मान हलवत आपला चष्मा पुसला. "मी दोन वर्षांपासून ओरडतोय," ते म्हणाले. "ही मुलं त्या पडद्यात जे बघतात तेच करतात. घरची माणसं चांगली आहेत, हे मी स्वतः सांगतो. माझ्या वडिलांचं रक्त ताईच काढतात, कळतसुद्धा नाही."

ताईने मान खाली घातली. बाईंनी शिक्का जवळ ओढला आणि शिवणकाम करणाऱ्या बाईकडे पाहून मऊ आवाजात विचारलं, "तुम्हाला काही म्हणायचंय?"

"मला गेममधलं काही कळत नाही," ती म्हणाली. "मला या मुलाला एकच विचारायचंय." ती भाच्याकडे वळली. "तू मधे थांबलास कशाला रे? माझा मुलगा लिहून दाखवतो, मार एवढा लागला नाही म्हणतो. तू थांबलास ना, तेव्हा मी घाबरलो म्हणतो. आता घरात कुणी गप्प बसलं तरी तो रडायला लागतो. मी मशीन थांबवली की रडतो. मशीन चालूच ठेवावी लागते मला. म्हणून विचारते. का थांबलास?"

भाच्याने आईकडे पाहिलं. ताईने खिडकीकडे. खोलीत कुणीच काही बोललं नाही, आणि ती शांतता अडीच सेकंदांच्या पुढे गेली तेव्हा मामाला ती सहन होईना.

"बाई, तो कागद परत द्या," तो म्हणाला.

"छोट्या," ताई हळू म्हणाली.

"मी पंधरा वर्षं हेच काम करतो," मामा म्हणाला. तो बाईंशी बोलत होता, पण बघत शिवणकामवाल्या बाईकडे होता. "गेममध्ये कुणी थांबत नाही. थांबलं तर खेळणारा कंटाळतो. मी सुरुवातीला थांबायचो, तर माझी ती सवय त्यांनी मोडली. याने एकदाच आमचा गेम खेळला आणि त्यात मासे धरले. वारंवार वगैरे खोटं आहे. मी खोट्यावर सही केली."

"म्हणजे गेमचा काहीच दोष नाही, असं म्हणायचंय तुम्हाला?" चष्मेवाले सावरून बसले. "पोटापाण्याचा धंदा आहे तुमचा, तुम्ही तेच म्हणणार!"

"तसं नाही म्हणत. मार ऐकायला गोड लागावा म्हणून मला पगार मिळतो. त्याने कुणाचं काय होतं हे मला माहीत नाही, आणि ते विचारायचं असेल तर मला वेगळं बोलवा, मी येईन. पण हा मार माझ्या खोलीतला नाही. दोन मारायचे, थांबायचं, 'हं, बोल' म्हणायचं, मग तिसरा. हे आमच्या घरातलं आहे. आमचे वडील असं मारायचे. मला मारायचे आणि हिला मारायचे. माझ्या वाटचे पुष्कळ हिनेच खाल्ले." एवढं बोलून तो थांबला. पुढचं वाक्य त्याच्याने बोलवेना. बाईंनी पेन खाली ठेवलं होतं आणि त्या वाट बघत होत्या, म्हणून ते त्याला बोलावं लागलं. "आता ही याला मारते."

ताई ताडकन उठली.

"मी बाबांसारखं मारत नाही!" ती म्हणाली. "त्यांच्यासारखं नाही. पट्टा कधी हातात घेतला नाही मी. तोंडावर खूण राहील असं नाही. मी कमी मारते. खूप कमी मारते!"

आपण काय बोललो हे तिला तोंडातून गेल्यावर कळलं. ती उभीच राहिली. चष्मेवाले आपल्या बुटांकडे बघत होते.

"हो, कमी मारते," भाचा म्हणाला. त्या खोलीत तो पहिल्यांदाच बोलत होता, आणि अगदी मनापासून बोलत होता. "खरंच बाई. माझ्या आईला काही करू नका. ती नंतर औषध लावते."

शिवणकामवाल्या बाईने तोंडावर पदर धरला. तिच्या मुलाचा दात ज्याने पाडला होता त्या पोराकडे तिला आता रागाने बघता येईना, आणि त्याचाच तिला राग आला. ती उठून बाहेर गेली. तिला हवं ते उत्तर मिळालं होतं, पण ते घेऊन घरी जाऊन मुलाला काय सांगायचं, हे तिला कुणी सांगितलं नाही.

मुख्याध्यापिका बाईंनी शिक्का बाजूला सारला. नाव काढायचं की नाही ते नंतर ठरेल, त्या म्हणाल्या, तोवर मुलाने शाळेत यायचं नाही. आणि आता हे त्यांच्या कानावर आलंय म्हटल्यावर मुलांच्या संरक्षणाचं काम बघणाऱ्या संस्थेला कळवणं त्यांना भाग आहे. संस्थेचं माणूस घरी येऊन जाईपर्यंत मुलाला ठेवायला कुणी जवळचं आहे का?

"मी आहे," मामा म्हणाला. त्याने विचार केला नव्हता. विचार केला असता तर तो पुन्हा एकदा कोबी घ्यायला दुसऱ्या दुकानात गेला असता.

बाहेर व्हरांड्यात ताईने भाच्याची शाळेची बॅग उचलून मामाच्या हातात दिली. ती रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं, असं मामाला वाटलं.

"ताई, मी—"

"ने त्याला," ती म्हणाली. भाचा दोन पावलांवर उभा होता, आणि तो ऐकतोय हे तिला दिसत होतं. "माझा हात सगळ्या गावाला दाखवलास ना? आता याला घरात ठेव. काचेचं काहीतरी फोडेल, काहीतरी हरवेल, वर खोटं बोलेल. बघू तुझा हात किती दिवस गप्प बसतो."

मामाने काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. तो तसा नाही, असं म्हणायचं होतं. पण ते त्याला ठाऊक नव्हतं, आणि ते ठाऊक करून घ्यावं लागू नये म्हणूनच तो इतकी वर्षं एकटा राहिला होता. "मलाही माहीत नाही, ताई," तो म्हणाला. तिने मान हलवली, भाच्याचा शर्ट मागून नीट खोचला, आणि दुसऱ्या जिन्याने खाली गेली. दुपारच्या पाळीला तिला पोचायचं होतं.

शाळेच्या फाटकाबाहेर पडून दोघं बसस्टॉपकडे चालू लागले. भाचा मामाच्या उजव्या हाताला होता. दहा-बारा पावलांवर तो बुटाची नाडी बांधायला खाली बसला. मामा थांबला. पोर उठलं आणि मागून वळून मामाच्या डाव्या बाजूला आलं. नाडी आधीच घट्ट बांधलेली होती, हे मामाने पाहिलं होतं.

त्याला फार वाईट वाटलं. पोराचं चुकलं असं मात्र वाटलं नाही.

"बस कितीला आहे?" भाच्याने विचारलं.

"येईल एवढ्यात," मामा म्हणाला, आणि उजवा हात खिशात घालून चालू लागला.